जुनं रॉक अँड रोल ऐकायला सुरुवात कशी करायची: अमेरिका ते ब्रिटन, आणि परत

बरेच जण काय करतात, एल्विसचं एखादं 'बेस्ट ऑफ' लावतात, मध्ये चक बेरीची दोन गाणी, मग थेट बीटल्सवर उडी, आणि वर म्हणतात की अरे हे सगळं सारखंच वाजतंय की. वाजणारच. एकेका गायकाचं गाठोडं सोडून ऐकलं तर या संगीतातली खरी मजा हाताला लागतच नाही, कारण हे सगळं देवाणघेवाणीतून झालंय. एकाचं गाणं दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने ते समुद्रापलीकडे नेलं, तिथल्या पोरांनी ते मिळेल त्या वाद्यांवर वाजवलं आणि दहा वर्षांत परत अमेरिकेलाच विकलं. म्हणून माझा एकच सल्ला आहे, गाणी जोडीने ऐका. आधी मूळ, मग लगेच दुसऱ्याने केलेलं, आणि दोन्हीची तारीख समोर ठेवून. मी स्वतः अशीच शिकले, आणि खाली तोच क्रम देतेय.

१. आधी काय काय जमवायचं

- कुठलंही गाण्याचं ॲप, किंवा नुसतं यूट्यूब. पैसे भरायची गरज नाही.
- दोन्ही कानांचे हेडफोन. एकच इअरबड घालून ऐकू नका, का ते पुढे येतंय.
- फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधलं 'मोनो ऑडिओ' (म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज; स्टिरिओत दोन कानांत वेगवेगळा) हे बटण कुठे आहे ते शोधून ठेवा.
- तारखा आणि लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं नाव) तपासायला डिस्कॉग्स ही साइट. कुठली रेकॉर्ड कुठल्या देशात कुठल्या लेबलवर निघाली हे तिथे सापडतं.
- एक वही. खरंच. नोट्स ॲप पण चालेल, पण गाणं, साल, गाव, लेबल आणि गीतकाराचं नाव एवढे पाच रकाने हवेत.

गिटार यायची गरज नाही, इंग्रजी शब्द सगळे कळायचीही नाही. लिटल रिचर्डचे शब्द अमेरिकेतही सगळ्यांना कळले असतील असं मला वाटत नाही.

२. बारा बार मोजायला शिका

ही पायरी कंटाळवाणी वाटेल पण वगळू नका. यातली खूप गाणी एकाच सांगाड्यावर उभी आहेत, त्याला ट्वेल्व्ह बार म्हणतात. चार ठोक्यांचा एक बार, असे बारा झाले की परत पहिल्यापासून. आपल्याला पेटीच्या भाषेत सोपं पडतं: पहिले चार बार सा वर, मग दोन मध्यमावर, परत दोन सा वर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर, आणि शेवटचे दोन पुन्हा सा वर. शेवटच्या चारांत लोक थोडी फिरवाफिरव करतात, त्याने गोंधळू नका.

लिटल रिचर्डचं 'टूटी फ्रूटी' लावा आणि बोटांवर मोजा. मग बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक'. दोन-तीन वेळा चुकाल, मग एकदम जमेल. आणि जमलं की सांगाडा तोच असताना माणसं वेगळी कशी वाजतात हे ऐकू यायला लागतं, सगळा खेळ तिथेच आहे.

अजून एक कानाला लावायची सवय म्हणजे ठेका डुलतोय का सरळ चालतोय ते बघणे. जुन्या ऱ्हिदम अँड ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णी अमेरिकनांच्या नाचायच्या संगीताचा, ठेका डुलत, लंगडत जातो. लिटल रिचर्ड पियानोवर उजव्या हाताने सरळ आठ ठोके बडवायचा, आणि त्याच्यासोबत वाजवणारा न्यू ऑर्लिन्सचा ड्रमर अर्ल पामर त्या हाताशी जुळवून घेता घेता सरळ ठेक्यावर आला. चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड' मध्ये (१९५८) तर गिटार सरळ चाललीय आणि ड्रम अजून डुलतायत, दोन्ही एकाच वेळी! ही ओढाताण ऐकू आली की समजा कान तयार झाला.

३. अमेरिकेतली चार गावं ऐका

शंभर गायक पाठ करण्यापेक्षा चार गावं लक्षात ठेवा.

न्यू ऑर्लिन्स. कोझिमो मटासाचा जे अँड एम स्टुडिओ, फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' इथे १९४९ च्या डिसेंबरात झालं आणि 'टूटी फ्रूटी' १९५५ च्या सप्टेंबरात. पियानो आणि सॅक्सोफोन भरपूर.

मेम्फिस. सॅम फिलिप्सने १९५० मध्ये ७०६ युनियन ॲव्हेन्यूवर छोटा स्टुडिओ टाकला, तिथूनच पुढे सन रेकॉर्ड्स ही कंपनी. १९५१ मध्ये जॅकी ब्रेन्स्टनच्या नावाने आलेलं 'रॉकेट ८८' इथलंच, बँड खरा आइक टर्नरचा, आणि रेकॉर्ड निघाली शिकागोच्या चेस या कंपनीकडून. सनचा तो टपटप प्रतिध्वनी म्हणजे दोन टेप मशीनमधला अंतराचा खेळ, कुठलीही मोठी यंत्रणा नव्हती.

शिकागो. चेस रेकॉर्ड्स. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, आणि १९५५ पासून चक बेरी. ब्रिटनवर सगळ्यात जास्त परिणाम कुठल्या एका कंपनीचा झाला असेल तर माझ्या मते हिचा.

क्लोव्हिस, न्यू मेक्सिको. नॉर्मन पेटीचा स्टुडिओ, बडी हॉली आणि द क्रिकेट्स. चार जणांचा बँड, आपली गाणी आपणच लिहायची, ही कल्पना ब्रिटिश पोरांनी बऱ्याच अंशी इथून घेतली.

या चारांपैकी दोनच करायला वेळ असेल तर न्यू ऑर्लिन्स आणि शिकागो करा. मेम्फिसची जाहिरात आधीच खूप झालीय.

खड्डा क्र. १: नकली जुनं गाणं. हा सगळ्यात मोठा आहे. यातल्या बऱ्याच कलाकारांनी साठच्या दशकात कंपनी बदलली आणि नव्या कंपनीसाठी आपलीच हिट गाणी परत रेकॉर्ड केली. चक बेरीने मर्क्युरीसाठी, लिटल रिचर्डने व्ही-जेसाठी, जेरी ली लुईसने स्मॅशसाठी. ॲपवर दोन्हींचं नाव एकच, फोटोही तसाच, आणि स्वस्तातल्या कलेक्शनमध्ये बऱ्याचदा ही नंतरचीच घुसडलेली असतात. ओळखायचं कसं? १९५५-५७ चं गाणं जर स्वच्छ स्टिरिओमध्ये, ड्रम एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात असं वाजत असेल तर बहुतेक वेळा दाल में काला. लांबी पण ताडून बघा, मुळापेक्षा दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे असते.

४. पहिल्या जोड्या घरच्या घरी

ब्रिटनला जायच्या आधी अमेरिकेतल्या अमेरिकेत कोणी कोणाचं उचललं ते ऐका.

'हाउंड डॉग'. आधी बिग मामा थॉर्नटन, रेकॉर्ड झालं १९५२ मध्ये, निघालं १९५३ मध्ये आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. ती एका फुकट्या पुरुषाला दारातून हाकलतेय, ठेका संथ, आवाजात जरब. मग एल्विसचं १९५६ चं. त्याने ते लास व्हेगासमध्ये फ्रेडी बेल अँड द बेलबॉइजकडून ऐकलं होतं, त्यांनी आधीच शब्द बदलून टाकले होते, त्यामुळे एल्विसच्या गाण्यात खरोखरच कुत्र्याला झापल्यासारखं वाटतं. जोर भयंकर आहे, पण गोष्ट गेली.

'टूटी फ्रूटी'. लिटल रिचर्ड, मग पॅट बून. बूनचं ऐकताना हसू येईल, पण अमेरिकेच्या पॉप यादीत जास्त वर चढलं ते त्याचंच. रेडिओ आणि रेकॉर्डच्या याद्या वर्णाप्रमाणे वाटलेल्या होत्या याचा यापेक्षा सोपा पुरावा मला माहीत नाही.

आणि आता माझी आवडती. ५ जुलै १९५४, मेम्फिस: एल्विस 'दॅट्स ऑल राइट' गातो, मूळ आर्थर क्रुडपचं, १९४६ मध्ये रेकॉर्ड झालेलं. १३ जुलै १९५४, लंडन: क्रिस बार्बरच्या जॅझ बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये लॉनी डोनेगन नावाचा पोरगा 'रॉक आयलंड लाइन' गातो, लेड बेली या अमेरिकन लोकगायकामुळे माहीत झालेलं, १९३४ मध्ये आर्कान्सासच्या तुरुंगात पहिल्यांदा रेकॉर्ड केलेलं. मध्ये आठ दिवस. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसणार, आणि दोघंही एका कृष्णवर्णी गायकाचं गाणं घेऊन धावत सुटलेत. चारही एकामागोमाग ऐका, पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

५. बोटीत बसा: ब्रिटनला हे पोचलं कसं

इथे थोडी पार्श्वभूमी हवी नाहीतर ब्रिटिश गाणी हाडकुळी का वाजतात ते कळत नाही.

एक, अमेरिकन वादकांना ब्रिटनमध्ये येऊन वाजवायला १९३५ पासून जवळपास बंदीच होती, दोन्हीकडच्या युनियनांचं भांडण. १९५६ च्या सुमारास अदलाबदलीवर तोडगा निघाला, म्हणजे तिकडचे जितके इकडे तितके इकडचे तिकडे. दोन, युद्धानंतर डॉलरची टंचाई, त्यामुळे अमेरिकन गिटार १९५९ पर्यंत आयातच होत नव्हत्या. तीन, बीबीसीवर रेकॉर्ड वाजवायला तासांची मर्यादा होती, त्यामुळे तिथे हिट गाणी बऱ्याचदा डान्स बँडकडून वाजवून घेतलेली ऐकायला मिळायची. पोरं मग रात्री रेडिओ लक्झेंबर्ग लावायची, २०८ मीटरवर, आवाज येतोय जातोय अशा अवस्थेत. आपल्याकडे १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीने सिनेमाची गाणी कमी केल्यावर लोक रेडिओ सिलोनला चिकटले, अगदी तसंच.

म्हणून डोनेगनचं 'रॉक आयलंड लाइन' इतकं चाललं. गिटार, डबल बास आणि कपडे घासायचा वॉशबोर्ड, एवढंच. हे आपणही करू शकतो हे पोरांना कळलं, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी लावून बास केला की झाला स्किफल बँड. १९५६ मध्ये ते गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे टॉप टेनमध्ये गेलं. डोनेगनला मात्र सेशनची ठरलेली फी, रॉयल्टी नाही. लिव्हरपूलला जॉन लेननचा क्वारीमेन हा असाच एक स्किफल बँड, ६ जुलै १९५७ ला वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत तो वाजवत होता आणि तिथे पॉल मॅकार्टनीने लेननला एडी कॉक्रनचं 'ट्वेंटी फ्लाइट रॉक' म्हणून दाखवलं. पुढचं माहीतच आहे.

खड्डा क्र. २: खलाशांची गोष्ट. लिव्हरपूलचे खलाशी न्यूयॉर्कहून दुर्मिळ रेकॉर्ड आणायचे आणि म्हणून बीटल्स घडले, हे तुम्ही जागोजागी वाचाल. रेकॉर्ड आणणारे खलाशी होते, पण बीटल्सनी गायलेल्या अमेरिकन गाण्यांपैकी बहुतेक ब्रिटनमध्ये रीतसर निघालेली होती, डेक्का कंपनीच्या 'लंडन' नावाच्या लेबलवर तर ढीगच. डिस्कॉग्सवर ब्रिटनची आवृत्ती शोधा, स्वतःच खात्री होईल. गोष्ट रोमँटिक आहे म्हणून टिकलीय.

६. ब्रिटनची पहिली फळी, आणि पाहुणे

बिल हेली फेब्रुवारी १९५७ मध्ये बोटीने आला, स्टेशनवर ही गर्दी. आणि मग लोकांना दिसला एक तिशी ओलांडलेला गोलमटोल गृहस्थ. बडी हॉली मार्च १९५८ मध्ये आला, चष्मा, तीनच माणसं आणि एक फेंडर गिटार, त्याचा परिणाम खूप खोल. जेरी ली लुईस त्याच वर्षी मे मध्ये आला आणि नात्यातल्या तेरा वर्षांच्या मुलीशी लग्न केल्याचं पेपरवाल्यांना कळल्यावर दौरा अर्धवट टाकून परत गेला. एडी कॉक्रन १९६० मध्ये आला तो परत गेलाच नाही, चिपनमजवळ गाडीला अपघात होऊन १७ एप्रिलला वारला. आणि एल्विस? त्याने ब्रिटनमध्ये एकही कार्यक्रम केला नाही, मार्च १९६० मध्ये स्कॉटलंडच्या प्रेस्टविक विमानतळावर काही वेळ थांबला तेवढंच.

ऐकायचं काय: क्लिफ रिचर्डचं 'मूव्ह इट' (१९५८), व्हिन्स टेलरचं 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' (१९५९), जॉनी किड अँड द पायरेट्सचं 'शेकिन ऑल ओव्हर' (१९६०), द शॅडोजचं 'अपाची' (१९६०). हा काळ पुष्कळ लोक 'बीटल्सच्या आधी काही नव्हतं' म्हणून सोडून देतात, तसं करू नका, 'शेकिन ऑल ओव्हर' एकटंच त्या म्हणण्याला पुरून उरतं. 'अपाची' मधली ती चमकदार गिटार हँक मार्विनची, क्लिफने १९५९ मध्ये खास अमेरिकेहून मागवलेली स्ट्रॅटोकास्टर.

क्लिफ रिचर्ड लखनौचा, १९४० चा जन्म, नाव हॅरी वेब, १९४८ मध्ये कुटुंब ब्रिटनला गेलं. आणि त्याची नि लिटल रिचर्डची गाणी थोड्याच वर्षांत कुठे वाजत होती माहितीये? आपल्या पाचगणीत! सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा नावाचा मुलगा 'द हेक्टिक्स' या शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, तोच पुढे ब्रिटनला जाऊन फ्रेडी मर्क्युरी झाला. आणि १९५७ मध्येच पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, 'आशा' साठी 'ईना मीना डीका' केलं. कान आधी तिथे गरम करून घ्यायला काहीच हरकत नाही.

७. परतीची फेरी

आता खरा माल. जोड्या अशा लावा:

- द क्रिकेट्सचं 'दॅट विल बी द डे' (१९५७), मग क्वारीमेनचं त्याच गाण्याचं १९५८ चं लिव्हरपूलमधलं घरगुती वाटणारं रेकॉर्डिंग.
- चक बेरी 'रोल ओव्हर बेथोव्हन' (१९५६), मग बीटल्स (१९६३).
- चक बेरी 'आय ॲम टॉकिंग अबाउट यू' (१९६१), मग बीटल्सचं 'आय सॉ हर स्टँडिंग देअर'. हे वेगळं गाणं आहे, पण फक्त बास ऐका. तो तिथून उचलल्याचं मॅकार्टनीने स्वतः कबूल केलंय.
- द क्रिकेट्स 'नॉट फेड अवे' (१९५७), मग रोलिंग स्टोन्स (१९६४).
- हाउलिन वुल्फ 'द रेड रूस्टर' (१९६१), मग स्टोन्सचं 'लिटल रेड रूस्टर' (१९६४).

शेवटच्या जोडीवर वेळ घालवा. इतकं संथ, निव्वळ ब्लूज गाणं ब्रिटनमध्ये डिसेंबर १९६४ ला पहिल्या नंबरवर होतं. त्याच वर्षी जूनमध्ये स्टोन्स शिकागोला २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवर, चेसच्या स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंग करून आले होते. आणि मे १९६५ मध्ये अमेरिकेच्या 'शिंडिग' या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी हट्ट धरून हाउलिन वुल्फला बोलावलं आणि स्वतः स्टेजवर बसून ऐकलं. अमेरिकन पोरांना त्यांच्याच देशातला, पन्नाशीचा गायक दाखवायला लंडनहून मुलं यावी लागली, यात काय ते समजून घ्या. व्हिडिओ सापडतो, बघाच.

दुसरा बघायचा व्हिडिओ मँचेस्टरचा, मे १९६४. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर ग्रॅनाडा टीव्हीने कार्यक्रम केला, एका फलाटावर प्रेक्षक आणि समोरच्या फलाटावर अमेरिकन गॉस्पेल (चर्चची भजनं) गायिका सिस्टर रोझेटा थार्प, अंगात कोट, हातात इलेक्ट्रिक गिटार, नुकताच पाऊस पडून गेलेला. ही बाई १९४४ मध्ये जे वाजवत होती ते ऐकून मग 'रॉक अँड रोल कोणी सुरू केलं' या वादात पडा.

मोठ्या आकड्यांचं थोडक्यात: ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स, सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षक, आणि ४ एप्रिलला बिलबोर्ड मासिकाच्या अमेरिकन हिट गाण्यांच्या यादीत पहिले पाचही नंबर त्यांचेच. पण अमेरिकेत पहिल्या नंबरवर जाणारा पहिला ब्रिटिश ग्रुप बीटल्स नव्हे, द टॉर्नेडोज, 'टेलस्टार', डिसेंबर १९६२. पैज लावायला उपयोगी.

खड्डा क्र. ३: एका कानात गायक. बीटल्सचे पहिले दोन अल्बम दोन ट्रॅकवर रेकॉर्ड झाले, त्यामुळे स्टिरिओ आवृत्तीत वाद्यं एका बाजूला आणि आवाज दुसऱ्या बाजूला. एकच इअरबड घातला तर चुकीच्या कानात नुसता कराओके. ते गाणं तेव्हा मोनोतच ऐकायला बनवलेलं होतं, मोनो आवृत्ती शोधा किंवा पहिल्या पायरीतलं ते बटण दाबा.

८. वहीतला पाचवा रकाना

गीतकाराचं नाव लिहायला लावलं ते यासाठी. गाण्यावर नाव ज्याचं, पैसे त्याला. चक बेरीच्या पहिल्याच हिट 'मेबेलीन' वर (१९५५) त्याच्यासोबत डिस्क जॉकी ॲलन फ्रीडचं आणि रस फ्रॅटो नावाच्या माणसाचं नाव लावलेलं होतं, गाणं लिहिण्यात दोघांचा काही हात नसताना, ती नावं निघायला कित्येक वर्षं गेली. आर्थर क्रुडपला 'दॅट्स ऑल राइट' चे पैसे आयुष्यभर नीट मिळाले नाहीत. उलट 'रोल ओव्हर बेथोव्हन' बीटल्सच्या अल्बमवर बेरीच्याच नावाने आहे, म्हणजे ब्रिटिश पोरांनी गायलं तेव्हा निदान त्याचा हिशोब लागला. प्रत्येक जोडीला हा रकाना भरा, कोणी दिलं आणि कोणी ढापलं याचं तुमचं मत तुम्हीच बनवाल.

९. रेकॉर्ड विकत घ्यायचा किडा चावलाच तर

चोर बाजारात मटण स्ट्रीटला किंवा जुन्या सामानाच्या दुकानात जाल तेव्हा तीन गोष्टी.

भारतात ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या, जुन्या लाखेच्या) रेकॉर्ड इतक्या उशिरापर्यंत निघत होत्या की बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर छापली गेली, ब्रिटन-अमेरिकेत तेव्हा हा प्रकार संपला होता. त्यामुळे जगभरचे संग्राहक त्यांच्यामागे असतात, किंमत तशीच, आणि नकलाही. घरातल्या आजोबांच्या पेटीत सापडली तर फेकू नका, दुकानात सापडली तर घाई करू नका, लेबल आणि नंबर डिस्कॉग्सवर जुळवा.

७८ ला सुई वेगळी लागते, जाड टोकाची. एलपीची बारीक सुई लावली तर खरखर जास्त आणि सुईचीही वाट. आणि चावीच्या ग्रामोफोनवर, पोलादी सुईखाली, ४५ आरपीएमची छोटी रेकॉर्ड किंवा एलपी कधीही ठेवू नका, एका फेरीत खरवडून निघते.

धुताना लाखेच्या ७८ ला स्पिरिट, अल्कोहोल, सॅनिटायझर काहीही लावायचं नाही, लाख विरघळते. साधं पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड, मधलं कागदी लेबल कोरडं ठेवायचं आणि उभी करून वाळवायची, उन्हात नाही.